काळी रम काळी कशामुळे, आणि मसाल्याची रम म्हणजे नेमकं काय

गेल्या डिसेंबरात इंदूरच्या राजेंद्रनगरला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे त्यांचा भाचा आला होता, येताना त्याने दुकानातून एक बाटली आणलेली, लेबलवर मोठ्या अक्षरात ‘स्पाइस्ड रम’. काका फौजेतून रिटायर झालेले, शेवटचं पोस्टिंग इंदूरजवळच्या महू छावणीत, आयुष्यभर कँटीनमधली काळी रमच बघितलेली. त्यांनी बाटली ट्यूबलाइटसमोर धरली, फिरवून फिरवून बघितली आणि मला म्हणाले, “अगं, तू केमिस्ट्री शिकवतेस ना? मग सांग, चांगल्या रमला मसाला कशाला लागतो? आणि ही एवढी फिकी, म्हणजे कच्चीच असणार.”

त्या दिवशी मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्यात पेट्रोलमधल्या इथेनॉलच्या बातम्या सुरूच आहेत, सोसायटीत कोणीतरी विचारतंच की मळीपासून दारू होते आणि मळीपासूनच पेट्रोलमध्ये घालायचं ते पण होतं, तर मग दोन्ही एकच का? म्हणून सगळं एकदा नीट, पहिल्यापासून सांगते. प्यावी की नाही हा या लेखाचा विषय नाही (मध्यप्रदेशात 21 वर्षांखालच्यांना विकायलाच बंदी आहे), बाटलीत काय असतं आणि ते तिथे कसं पोचतं, एवढाच विषय.

मळी म्हणजे काकवी नाही

रम म्हणजे उसाची दारू. उसाचा ताजा रस, काकवी, गूळ किंवा मळी, यांपैकी काहीही आंबवून त्याची वाफ धरून केलेली. जगातली बहुतेक रम मळीचीच असते.

काकवी आपल्या घरात माहिती असते, गूळ होण्याआधीचा तो घट्ट सोनेरी पाक, करेलीचा गूळ आणणाऱ्याकडे कधीकधी मिळतो, पोळीशी छान लागतो. त्यात उसाचा सगळा गोडवा असतो. मळी वेगळी. साखर कारखान्यात रस आटवतात, साखरेचे खडे धरले की गरगर फिरणाऱ्या यंत्रात ते वेगळे काढतात, उरलेला पाक पुन्हा आटवतात, पुन्हा खडे काढतात, असं दोन-तीनदा केल्यावर जे काळंकुट्ट, चिकट उरतं, ज्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही, ती मळी. हिंदीत शीरा म्हणतात. साखर काढून घेतली तरी जवळपास निम्मा भाग साखरच असते, फक्त ती खड्यात बसत नाही. शिवाय उसातले क्षार, जळका वास, थोडा कडवटपणा, सगळं त्यातच गोळा झालेलं असतं. रमचा तो ओळखीचा गुळमट-जळका वास मूळचा इथला.

आकडे सांगायचे तर एक टन उसातून साधारण 100 किलो साखर निघते आणि मळी 40-45 किलो. तेवढ्या मळीतून शुद्ध अल्कोहोल होतं दहा लिटरच्या आसपास. एक टन ऊस म्हणजे बैलगाडीभर, त्याचं एवढंसं.

आंबवायचं, मग वाफ धरायची

मळीत पाणी घालून ती पातळ करतात आणि यीस्ट सोडतात. इडलीचं पीठ रात्रीत फुगतं ना, तिथे पण सूक्ष्मजीव साखर खाऊन गॅस सोडतात, इथे यीस्ट साखर खाऊन गॅस आणि अल्कोहोल दोन्ही करतं. एक-दोन दिवसांत बिअरपेक्षा जरा कडक असं आंबट पाणी तयार होतं, त्यात अल्कोहोल 7 ते 10 टक्के.

पुढची पायरी शाळेत शिकलो होतो, ऊर्ध्वपातन. शब्द मोठा आहे, गोष्ट साधी आहे. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळतात, ती वाफ होती, गार झाली, पाणी झाली. अल्कोहोल 78 अंशांनाच उकळतं, पाणी 100 ला, म्हणून मिश्रण तापवलं की वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त असतं, ती वाफ गार केली की कडक दारू. ती पाण्यासारखी पांढरी, म्हणजे बिनरंगी असते हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ही वाफ धरायच्या दोन रीती आहेत आणि चवीतला निम्मा फरक इथेच पडतो. एक जुनी, तांब्याच्या मोठ्या हंड्यातली, भट्टीसारखी, एका वेळी एक घाणा. तिच्यात अल्कोहोलबरोबर इतरही शंभर वास वर येतात. जमैकात तर दोन-दोन आठवडे आंबवतात, आधीच्या घाण्याचा उरलेला आंबट गाळ पुढच्यात घालतात (आपण विरजण राखून ठेवतो तसं), आणि त्या रमला अतिपिकल्या केळ्याचा, अननसाचा वास येतो, फळ एकही न घालता. दुसरी रीत उंच खांबासारख्या यंत्राची, 1830 च्या सुमारास आयर्लंडच्या एनिअस कॉफी यांनी तिचं पेटंट घेतलं. त्यात एका बाजूने मळीचं पाणी सतत आत आणि दुसऱ्या बाजूने कडक दारू सतत बाहेर. फार ताणलं तर 96 टक्क्यांपर्यंत नेता येतं, पण मग चव-वास जवळजवळ पुसून जातो. त्याला आपल्याकडे ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल) म्हणतात, भारतातल्या बहुतेक स्वस्त दारूचा पाया तोच. आपल्याकडच्या कितीतरी व्हिस्कीसुद्धा मळीच्याच स्पिरिटवर उभ्या आहेत, म्हणून तर युरोपात त्या व्हिस्की म्हणून विकता येत नाहीत, तिथे व्हिस्की धान्याचीच लागते.

मग गाडीत जातं ते हेच का?

रेणू तोच, इथेनॉल. पण 96 टक्क्यांच्या पुढे नुसतं उकळून पाणी निघत नाही, पेट्रोलमध्ये पाणी चालत नाही, म्हणून गाडीसाठीचं इथेनॉल खास गाळणीतून काढून 99 टक्क्यांच्या वर कोरडं करतात, आणि कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम नको ते मिसळतात. शिवाय आता मका-तांदळापासूनही ते मोठ्या प्रमाणात होतं. म्हणजे नातं सख्खं आहे पण वस्तू वेगळी, पिण्याच्या जवळपासही नेऊ नये अशी.

काळा रंग आला कुठून

वर म्हटलं ना, यंत्रातून निघते ती पांढरी. मग काळी कशी होते? दोन वाटा आहेत, एक लाकडाची आणि दुसरी जळक्या साखरेची.

दुसरी आधी सांगते कारण ती मी काकांना करून दाखवली. काकूंच्या छोट्या लोखंडी कढईत दोन चमचे साखर, मंद गॅस. आधी कडा वितळल्या, मग सगळं पिवळं झालं, मग तांब्यासारखं, इथवर चिक्कीचा वास. इथे थांबले नाही. आणखी मिनिटभरात धूर, रंग थेट कोळशाकडे, वास कडू. जपून थोडं पाणी घातलं (फस्सकन उडतं, तोंड लांब ठेवायचं), आणि त्या काळ्या पाण्याचे चार थेंब एका ग्लासभर साध्या पाण्यात टाकले. ग्लास काकांच्या रमशेजारी ठेवला. नुसत्या नजरेने कोणता कोणता ते काकांना सांगता आलं नाही, आणि मलाही आलं नसतं.

कारखान्यात हेच मोठ्या प्रमाणावर होतं, त्याला कॅरॅमल रंग म्हणतात, लेबलवर 150 ए अशा नंबराने लिहिलेला असतो. लपूनछपून नाही, कायद्याने परवानगी आहे, चवीत किंचित कडवटपणाशिवाय फरक नाही. पण म्हणूनच काळी म्हणजे जुनी, काळी म्हणजे कडक, हे दोन्ही चूक. दोन महिन्यांची रम काळी करता येते. आणि उलटंही होतं, लाकडात वर्षानुवर्षं ठेवलेली रम कोळशातून गाळून परत पांढरी करता येते, 1862 मध्ये क्यूबात सुरू झालेल्या बकार्डीची हलकी रम अशी गाळण्यामुळेच गाजली. भाच्याची बाटली फिकी होती म्हणून ती कच्ची, असं काकांना वाटलं, ते म्हणून बरोबर नव्हतं.

लाकडात मुरते तेव्हा काय होतं

लोणचं पहिल्या दिवशी खाल्लं तर मीठ वेगळं, मोहरी वेगळी, कैरी वेगळी लागते. महिन्याने सगळं एक झालेलं असतं. रमचं पिंपात तसंच होतं, फक्त इथे बरणीसुद्धा चव देते. पिंप ओकच्या लाकडाचं, आतून जाळलेलं. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला दरवेळी नवं पिंप लागतं, तसा तिथला कायदा आहे, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं जगभर मिळतात आणि रमवाले ती घेतात. जळल्या लाकडातून व्हॅनिलाचा वास (खरंच तोच रेणू, व्हॅनिलिन), नारळासारखा, मसाल्यासारखा वास, आणि सोनेरी-तांबूस रंग दारूत उतरतो. कोळशाचा थर काही उग्र वास शोषून घेतो. फटींतून हवा आत जाते आणि धारदारपणा मऊ होतो.

फटींतून दारू बाहेर पण जाते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते, आपल्या हवेत आठ-दहा टक्के सहज. दहा धरले तर सात वर्षांनी पिंपात निम्म्याहून कमी उरते. उरलेली मात्र उष्णतेमुळे लवकर मुरते, इथली सात वर्षं आणि तिकडची सात वर्षं सारखी नाहीत. म्हणून आपल्याकडे 12 वर्षांची रम दिसली आणि तिची किंमत बघून धक्का बसला तर तिच्यातली किती हवेत गेली असेल तेही डोळ्यांसमोर आणावं. लेबलवर ‘12 वर्षं’ असेल तर सरळ व्यवहारात त्यातली सगळ्यात तरुण रम 12 वर्षांची असते. पण ‘सोलेरा’ (वेगवेगळ्या वयाच्या रम थोड्याथोड्या मिसळत जायची पद्धत) लिहून पुढे मोठा आकडा टाकलेला असेल तर तो बहुतेक वेळा मिश्रणातल्या सगळ्यात जुन्या थेंबाचा असतो, तिथे फसू नये.

आता मसाला

काकांचा मूळ प्रश्न. स्पाइस्ड रम म्हणजे तयार रममध्ये दालचिनी, लवंग, जायफळ, आलं, संत्र्याची साल, आणि जवळजवळ नेहमीच व्हॅनिला, यांची चव उतरवलेली. चांगला करणारा खरे मसाले दिवसचे दिवस भिजवून ठेवतो, आपण दुधात केशर भिजवतो तसं, कारण मसाल्यातली तेलं पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये कितीतरी चांगली सुटतात. स्वस्तात करणारा अर्काचे थेंब टाकतो. दोघेही वर साखर घालतात, कधी बरीच.

मसाला वाईट रम झाकायला असतो, असं काकांचं म्हणणं. अर्धं खरं आहे. मसाला चहाचं बघा ना, हलक्या पत्तीत वेलची-आलं मारलं की पत्ती कळत नाही, पण म्हणून चांगल्या पत्तीचा मसाला चहा करूच नये असं कोणी म्हणत नाही. युरोपने याचा नियमच केला आहे, रम म्हणायचं तर बाहेरून चव घालायची नाही, साखर लिटरला 20 ग्रॅमच्या वर नाही, अल्कोहोल निदान 37.5 टक्के. म्हणून मसाल्याच्या, 35 टक्क्यांच्या बाटल्यांवर तिकडे नुसतं ‘स्पिरिट ड्रिंक’ असं लिहावं लागतं. मला हा नियम आवडतो, वाईट म्हणत नाही, लपवू नका एवढंच म्हणतो.

आणि मसाल्याची कल्पना परकी आहे असं कोणाला वाटत असेल तर कौटिल्याचं अर्थशास्त्र काढा, सुराध्यक्षाचं प्रकरण. तिथे मैरेय नावाचं पेय आहे, मेषशृंगी या वनस्पतीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी आणि मिरे. उसाचा गोडवा आणि मसाला, दोन्ही! ते फक्त आंबवलेलं होतं, वाफ धरलेलं नव्हतं, म्हणून त्याला रम म्हणता येणार नाही. मनुस्मृतीसुद्धा मनाई करतानाच सांगते की सुरा तीन तऱ्हेची, गौडी, पैष्टी आणि माध्वी, आणि पहिली गौडी म्हणजे गुळाचीच. पुढे 17 व्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे लोक इथून ‘पंच’ शिकून गेले, दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला, पाच वस्तू म्हणून पंच, असंच बहुतेक जण मानतात. इंग्लंडात आणि कॅरिबियनमध्ये तो रमने करायला लागले.

बाटलीवरचे समुद्री चाचे मात्र जाहिरातीतले. हेन्री मॉर्गन खरा माणूस होता, जमैकाचा उपगव्हर्नर झाला, 1688 मध्ये वारला, पण आज मिळते तशी व्हॅनिलावाली स्पाइस्ड रम बाजारात गाजली ती 1980 च्या दशकात.

परंपरा म्हणताना कोणाची ते पण सांगायला हवं

ऊस आपल्या बाजूने पश्चिमेला गेला, शर्करा हा शब्द घेऊन गेला, 1493 मध्ये कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियनला पोचला. 17 व्या शतकात बार्बाडोसमध्ये मळीची दारू व्हायला लागली. जहाजांवर ती इतकी रुळली की ब्रिटिश नौदलात खलाशाला रोजची रम मिळायची, 1740 मध्ये अ‍ॅडमिरल व्हर्नननी ती पाणी घालून द्यायचा हुकूम काढला, आणि ही पद्धत बंद झाली थेट 31 जुलै 1970 ला.

पण तो ऊस तोडत होते आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम. अटलांटिकपार जवळपास सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबून नेली गेली, त्यातली फार मोठी संख्या उसाच्या मळ्यांवर. आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात द्यायच्या मालात रमही असायची. रमच्या वारशावर लिहिताना हे गाळून पुढे जाणं मला जमत नाही.

1834 नंतर ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपली, मळे तसेच राहिले, आणि ऊस तोडायला भारतातून करारावर मजूर नेले. मॉरिशसला गेलेल्यांत आपली मराठी माणसं पण होती, मुंबई बंदरातून गेलेली. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते ती त्यांच्या वंशजांमुळे. त्याच मॉरिशस आणि शेजारच्या रियुनियनमध्ये घरोघरी रमच्या बाटलीत व्हॅनिला, मिरे, फळं घालून महिनोन्महिने ठेवतात, रम अरांजे म्हणतात तिला. मसाल्याच्या रमची खरी, घरगुती परंपरा बघायची तर मला चाच्यांच्या लेबलपेक्षा ही बरणी जास्त जवळची वाटते.

आणि आपल्या महूचं काय

21 डिसेंबर 1817, महिदपूरची लढाई, होळकर इंग्रजांकडून हरले. जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर महूची छावणी वसली. कंपनीच्या गोऱ्या सैनिकांना रोजची दारू मिळायचीच, अर्रक किंवा रम, म्हणजे छावणी जिथे गेली तिथे ती गेली. 1855 मध्ये एडवर्ड डायरने कसौलीला दारूचा कारखाना काढला (जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा बाप हाच), स्वातंत्र्यानंतर तो मोहन कुटुंबाकडे आला (मोहन मीकिन हे नाव पुढे पडलं), आणि 19 डिसेंबर 1954 ला ओल्ड मंक बाजारात आली. सात वर्षं मुरवलेली, असं कंपनी सांगते. ग्लास न हलवता नुसता वास घेतला तरी व्हॅनिला लगेच ओळखू येतो. काकांना हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले, कारण मसाल्याचा वास त्यांच्या ओळखीच्या काळ्या रममध्ये कायमच होता.

42.8 हाच आकडा का

भारतातल्या बहुतेक बाटल्यांवर 42.8 टक्के असतं, 43 नाही, 40 नाही. जुन्या काळी म्हणे बंदुकीच्या दारूवर रम ओतून पेटवायचे, पेटली तर ‘प्रूफ’. नंतर मोजायची नीट साधनं आली आणि ब्रिटिश प्रूफ ठरलं 57 टक्क्यांच्या जरा वर. त्याच्या 75 टक्के काढा, 42.8 येतं. लेबलवर ‘25 यू.पी.’ लिहितात ते हेच, प्रूफच्या 25 अंश खाली. इंग्रज गेले, त्यांचं मोजमाप बाटलीवर राहिलं.

थंडीत अंग गरम ठेवते ना?

नाही, आणि हे मात्र ठामपणे सांगते. अल्कोहोलने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, गरम रक्त वर येतं, म्हणून ऊब वाटते, पण तीच ऊब बाहेर निघून जाते आणि आतलं शरीर गार होतं. सर्दीवर रम हे पण असंच, त्याने सर्दी बरी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, कॅन्सरचा धोका पहिल्या थेंबापासून आहे. काळी, पांढरी, मसाल्याची, सगळ्यांना लागू.

विषारी दारू मळीमुळेच होते का?

2021 मध्ये आपल्याच राज्यात मुरैना आणि मंदसौरला माणसं गेली, तेव्हापासून हा प्रश्न येतो. मळी आंबवताना मिथेनॉल अगदी नगण्य होतं. अशी जीवघेणी दारू बहुतेक वेळा रंग-पॉलिशच्या उद्योगात लागणारं मिथेनॉल मिसळल्याने होते, आणि ते रंगाने, वासाने, चवीने ओळखता येत नाही. प्यायल्यावर धूसर दिसायला लागलं, उलट्या झाल्या तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल.

त्या संध्याकाळी शेवटी भाच्याच्या बाटलीचं मागचं लेबल आम्ही वाचलं. बारीक अक्षरात फ्लेवर घातल्याचं लिहिलेलं, वर्षांचा आकडा कुठेच नव्हता. काका काही बोलले नाहीत, आत गेले, आपली कँटीनची बाटली घेऊन आले, चष्मा पुसला आणि तिचंही मागचं लेबल वाचायला लागले. 150 ए वर बोट ठेवून म्हणाले, “हा तुझ्या कढईतलाच ना?”